पांढरं विमान, धुरकट आकाश आणि एडिटिंगच्या खुणा

मुंबईत विमानाचा फोटो काढायला विमानतळात शिरावं लागत नाही. ०९/२७ या मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून येतात. ठाण्याची खाडी ओलांडायची, मग घाटकोपर, आणि कुर्ल्याच्या जरीमरीपाशी तर ती इतकी खाली येतात की चाकं मोजता यावीत. त्या पट्ट्यातल्या एखाद्या गच्चीवरून साध्या झूम लेन्सनेही चांगला फोटो मिळतो. खरी गडबड होते ती घरी, लॅपटॉपसमोर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास वाटलेला फोटो तिथे मळकट दिसतो, म्हणून आपण एकेक स्लायडर ओढत जातो. थोड्या वेळाने बघावं तर विमानाभोवती पांढरी कड उमटलेली, आकाशात पट्टे पडलेले आणि विमानाच्या पोटाखाली रवाळ चिखल झालेला.

गंमत अशी, की लग्नाच्या फोटोवर हेच स्लायडर तेवढेच ओढले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे पैठणीची नक्षी, फुलांच्या माळा, शे-दीडशे चेहरे असा पसारा असतो. त्यात एडिटिंगची खूण हरवून जाते. विमानाच्या मागे मात्र नुसतं गुळगुळीत आकाश. शिवाय विमान ही धारदार कडांची वस्तू, आणि तिच्या खिडक्यांची रांग सरळ असते, इंजिनाचं तोंड गोल असतं, हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. जरा काही बिघडलं की डोळ्याला खटकतं.

या बहुतेक बिघाडांचं मूळ एकच आहे. फोटो ‘सुधारणारी’ बरीचशी साधनं एखाद्या पिक्सेलचं काय करायचं हे त्याच्या शेजारच्या पिक्सेलांकडे बघून ठरवतात. शेजारी फारच वेगळे असले, म्हणजे विमानाच्या कडेवर, किंवा जवळजवळ सारखे असले, म्हणजे आकाशात, तर हे गणित हमखास घसरतं. विमानाच्या फोटोत या दोनच गोष्टी ठासून भरलेल्या असतात.

शार्पनिंगचंच घ्या. त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं ‘अनशार्प मास्क’ हे तंत्र संगणकाच्या कितीतरी आधीचं, डार्करूममधलं आहे. मूळ निगेटिव्हवर तिचीच एक धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून प्रिंट काढायची, की कडा उठून दिसतात. संगणक तेच आकड्यांत करतो. समजा, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशा मापात आकाशाची उजळता १८० आहे आणि गडद रंगाच्या शेपटीची ६०. कडेवरून जाणारी पिक्सेलांची एक ओळ अशी असेल: १८०, १८०, १८०, ६०, ६०, ६०. प्रत्येक पिक्सेलची त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढली तर धूसर ओळ मिळते: १८०, १८०, १४०, १००, ६०, ६०. मूळ ओळीतून ही वजा केली की कडेवरच्या दोन पिक्सेलांपाशी +४० आणि -४० उरतात, बाकी सगळीकडे शून्य. हा फरक मूळ ओळीत मिळवला की तयार झालं: १८०, १८०, २२०, २०, ६०, ६०. तपशील नवा काहीच आला नाही. आकाशाच्या बाजूला २२० ची एक उजळ रेघ आणि शेपटीच्या बाजूला २० ची काळी रेघ तेवढी ओढली गेली. ही जोडी एकेका पिक्सेलची असेल तर डोळा तिला ‘स्पष्टपणा’ समजतो. सरासरीचं वर्तुळ, म्हणजे प्रोग्रॅममधला ‘रेडियस’, वाढवलं की रेघांची जाडी वाढते आणि विमान कात्रीने कापून आकाशावर चिकटवल्यासारखं दिसू लागतं. त्यामुळे रेडियस एका पिक्सेलच्या आतबाहेर ठेवावा आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटो हव्या त्या आकारात लहान करून झाल्यावर करावं. आधी शार्प करून मग लहान केलं तर शेपटीच्या तिरक्या कडेवर आणि धडावरच्या बारीक अँटेनांवर पायऱ्या दिसतात, कारण उरलेल्या मोजक्या पिक्सेलांत ती धार मावत नाही. आकार लहान करण्याच्या काही पद्धती स्वतःच थोडं शार्पनिंग करतात, हेही धरून चालावं.

इथे एक मजेदार गाठ पडते. विमानाचा वेग सांगताना ज्याचं नाव ‘माख’ म्हणून घेतलं जातं, त्याच अर्न्स्ट माखने १८६५ मध्ये दाखवून दिलं होतं की उजळ आणि गडद भाग एकमेकांना जिथे भिडतात तिथे आपला डोळा स्वतःच जास्तीची उजळ आणि काळी पट्टी ‘बघतो’. डोळ्यातल्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यातून हा भास होतो. थोडक्यात, डोळ्याच्या आतही एक अनशार्प मास्क बसवलेला आहे. म्हणून कडेला वलय दिसलं की लगेच फोटोला दोष देऊ नये. फोटो २०० टक्के मोठा करून विमानाचा भाग कागदाने झाका. उजळ पट्टी गायब झाली तर ती डोळ्याची करामत, तशीच राहिली तर शार्पनिंगची.

मुंबईत याहून वाईट वलयं उमटतात ती धुरकं काढायच्या नादात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हवेतले कण सूर्यप्रकाश विखुरतात आणि कॅमेरा व विमान यांच्या मधल्या हवेचाच एक फिकट पडदा तयार होतो. जितकं अंतर जास्त, तितका पडदा दाट. तो काढण्याची एक गाजलेली पद्धत काइमिंग ही, जियान सुन आणि शियाओऊ तांग या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. त्यांचं निरीक्षण साधंच होतं: उघड्यावर काढलेल्या स्वच्छ फोटोचा कुठलाही छोटा तुकडा घ्या, आकाश सोडून, त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखाद्या रंगात जवळजवळ काळा असलेला पिक्सेल सापडतोच. तो काळ्याऐवजी करडा दिसत असेल, तर जितका करडा तितकं धुरकं. ही अटकळ कुठे फसते तेही त्यांनीच सांगितलं आहे: जिथे वस्तूचा रंगच धुरकट उजेडासारखा असतो तिथे. पांढऱ्या आकाशासमोर पांढरं विमान म्हणजे नेमकं तेच! गणिताला विमानाचं धड हेच दाट धुरकं वाटतं आणि ते त्याला काळवंडून टाकतं. त्यात तुकड्यातुकड्याने हिशोब केल्यामुळे कडेलगत वेगळ्याच छटेचं आकाश उरतं. ‘डीहेझ’ नावाने मिळणाऱ्या अनेक स्लायडरांमागे याच धर्तीचं गणित असतं. माझं मत विचाराल तर विमानाच्या फोटोत त्या स्लायडरला हात न लावलेलाच बरा. हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, बघावा. धुरक्यामुळे त्याची डावी, म्हणजे काळ्याकडची बाजू रिकामी पडलेली असते. काळ्याचा बिंदू उजवीकडे सरकवून ती भरून काढावी. हा बदल शेजाऱ्यांकडे बघत नाही, १०० उजळतेच्या प्रत्येक पिक्सेलला एकच न्याय देतो, त्यामुळे वलय पडायचा प्रश्नच येत नाही. फोटो थोडा धुरकट राहील. मुंबईची हवा तशी होती, म्हणून तो तसा आहे.

आकाशातल्या पट्ट्यांची गोष्ट उलटी. तिथे शेजारी जवळजवळ सारखे असतात हीच अडचण. समजा, फोटोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे ४,००० पिक्सेलांत, आकाशाची उजळता १५० वरून १९० वर जाते. जेपेगमध्ये, म्हणजे फोटो सहसा ज्या आकसलेल्या फाइलमध्ये साठवतात तीत, प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, तेव्हा या सगळ्या चढाला पायऱ्या मिळाल्या ४०. एकेक पायरी १०० पिक्सेल रुंद. एवढं चालून जातं. पण कॉन्ट्रास्ट वाढवला की पायऱ्यांची संख्या वाढत नाही, त्यांची उंची वाढते आणि आकाशात जिना दिसू लागतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, बहुधा १२ किंवा १४ बिटची असते. १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या. म्हणून उजळता, कॉन्ट्रास्ट, रंग हे सगळं रॉवर, १६ बिटमध्ये करून घ्यावं आणि जेपेग अगदी शेवटी बनवावं. आणखी एक गोष्ट सहसा पटत नाही, पण खरी आहे: आकाशातला थोडासा नॉइज, म्हणजे रवाळपणा, उपकारकच असतो. तो पायरीची कड विस्कटून टाकतो, मग पट्टा दिसत नाही. आकाश घासूनपुसून लख्ख केलं की पट्टे वर येतात. त्यातून आकाशाचा मास्क घालून, म्हणजे बदल आकाशापुरताच बांधून, फक्त तेवढाच नॉइज काढला, तर मास्क जिथे विमानापर्यंत पोचत नाही तिथे दोन-तीन पिक्सेलांची रवाळ किनार राहते. पन्नास टक्के आकारात ती दिसत नाही, शंभर टक्क्यांवर लपत नाही.

विमानाच्या पोटाचा त्रास मात्र मुंबईच्या अक्षांशाशी जोडलेला आहे. आपण १९ अंश उत्तरेला. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या सुमाराच्या दुपारी विमानाची पाठ भाजून निघते आणि पोट अंधारात राहतं. सावली उजळवायचा स्लायडर ओढला की तिथे वाळू दिसते. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांच्या मोजणीतली अनिश्चितता त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. सावली उजळवताना आपण फोटॉन वाढवत नाही, ती दहा टक्क्यांची धुसफूस तेवढी मोठी करतो. मग नॉइज काढायला गेलं तर पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटही धुऊन निघतात. यावर उपाय फोटो काढतानाच: पाठीचा पांढरा जळणार नाही एवढं सांभाळून जास्तीत जास्त उजेड घ्यावा, किंवा सरळ सकाळी लवकर जावं. पोटाचा रंगही ‘शुद्ध पांढरा’ करायला जाऊ नये. खाली आलेल्या विमानाच्या पोटावर जमिनीचाच उजेड पडतो. पावसाळ्यात गवताची हिरवट झाक, एरवी मातीची. प्रोग्रॅममधल्या ड्रॉपरने हिरवट पोटावर टिचकी मारून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते, ठरवला की पाठ गुलाबी पडते.

एप्रिल-मेच्या दुपारी आणखी एक गोष्ट होते, आणि तिला एडिटिंगमध्ये औषध नाही. तापलेल्या डांबरावरची हवा ढवळत असते. एका अंशाच्या फरकाने हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते त्याचं माप, बदलतो तो दहा लाखांत साधारण एका भागाने. ऐकायला नगण्य, पण लांब लेन्सने एक किलोमीटर हवेतून बघताना तेवढ्यानेच खिडक्यांची रांग वेडीवाकडी होते. अशा फोटोला शार्प केलं तर लाटाच शार्प होतात.

धूळ सोपी आहे. लेन्सचं तोंड बारीक केलं, एफ/११ किंवा एफ/१६ ला, की सेन्सरवरच्या फिल्टरवर बसलेल्या कणांची सावली रेखीव होते आणि आकाशात करडे ठिपके दिसतात. ते शोधायला तात्पुरता कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवायचा, ठिपके पुसायचे, मग कॉन्ट्रास्ट परत जागेवर. पण पुसण्याआधी पुढची फ्रेम बघा. ठिपका चौकटीत त्याच जागी असेल तर धूळ, सरकला असेल तर घार. मुंबईच्या आकाशात घारींना तोटा नाही, आणि विमानतळाच्या फोटोतून पक्षी पुसणं मला तरी पटत नाही.

फोटो सरळ करताना विमान हा आधार धरू नये. उतरणारं विमान सुमारे ३ अंशांच्या उतारावरून येतं आणि तरीही त्याचं नाक किंचित वर असतं. मागच्या एखाद्या इमारतीची उभी कड घ्यावी, तीही फोटोच्या मधोमध असलेली, कारण कॅमेरा जरा वर धरला असेल तर बाजूच्या इमारती आत कललेल्या दिसतात. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं व्हीटी-ईव्हीए हे बोइंग ७४७ मुंबईहून कायमचं निघालं तेव्हा उड्डाणानंतर त्याने पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. त्या क्षणाचा फोटो पंख बघून ‘सरळ’ केला तर निरोपच पुसला जाईल.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचं शार्पनिंग सगळ्यांच्या हाताशी आलं आहे. ते शेजारच्या पिक्सेलांपुरतं थांबत नाही, आधी पाहिलेल्या असंख्य फोटोंवरून इथे काय असायला हवं याचा अंदाज बांधतं. ढगांवर, झाडांवर तो अंदाज खपून जातो. पण शेपटीजवळच्या नोंदणी क्रमांकातली अक्षरं दहा-बारा पिक्सेल उंचीची असली की ‘बी’ची ‘ई’ व्हायला वेळ लागत नाही, आणि मग तो फोटो वेगळ्याच विमानाचा ठरतो. क्रमांक, खिडक्या आणि दारांवरची सूचना-अक्षरं एवढी तरी मूळ रॉशी ताडून बघावीत. जुळत नसतील तर तेवढ्या भागावरून तो परिणाम काढून टाकावा.

शेवटी सेव्ह करताना दोन गोष्टी. जेपेग फोटोचे बुद्धिबळाच्या पटासारखे ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जमेल तितका टाकून देतं. म्हणून गुणवत्ता कमी ठेवली की अक्षरांभोवती डासांचा थवा बसल्यासारखी वळवळ दिसते आणि पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की ती वाढते. त्यातही रंगाची माहिती अनेकदा उजळतेच्या चौथ्या हिश्शानेच ठेवली जाते. पांढऱ्या धडावरची लाल अक्षरं अंगावर फुटलेली दिसतात ती त्यामुळे. प्रोग्रॅममध्ये ४:२:० (रंग चौथ्या हिश्शाने) ऐवजी ४:४:४ (रंग पूर्ण) निवडता येत असेल तर निवडावं, आणि रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी, म्हणजे साध्या पडद्यांचं नेहमीचं, ठेवावं, नाहीतर मोठ्या रंगपट्ट्यातला फोटो काही पडद्यांवर फिका पडतो.