डिसॅबिलिटी पेन्शन म्हणजे नुकसानभरपाई नव्हे

मिलिटरी हॉस्पिटलात उपचार चुकला असं एखाद्या माजी सैनिकाने म्हटलं, की सल्ला ठरलेला असतो: "एएफटीत केस टाका." एएफटी म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. चुकलेल्या उपचाराची भरपाई मागायची जागा मात्र ग्राहक आयोग. सल्ला देणारे बहुतेक जण स्वतःच्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी, म्हणजे सेवेतल्या अपंगत्वाबद्दलच्या पेन्शनसाठी, एएफटीत जाऊन आलेले असतात, म्हणून त्यांना तेवढंच दार माहीत. ते दार तुम्हालाही ठाऊक आहे. सेवा सोडताना तपासणी करणारं रिलीज मेडिकल बोर्ड, त्याने ठरवलेलं किमान २० टक्के अपंगत्व, पेन्शन नाकारली तर अपील आणि शेवटी एएफटी. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

गोंधळ होतो तो इथे. बोर्डापुढचा प्रश्न एवढाच असतो की आजार किंवा इजा सेवेमुळे झाली का, किंवा सेवेमुळे बळावली का. चूक कुणाची, हे बोर्ड विचारतच नाही. सियाचीनमध्ये हिमदंशाने बोटं गेली तर दोष कुणाचाच नसतो, तरी पेन्शन मिळते. ग्राहक आयोग नेमकं उलटीकडून पाहतो: रुग्णालयाने वाजवी काळजी घेतली का, आणि ती न घेतल्यामुळेच हानी झाली का? म्हणून बोर्डाच्या कागदावर 'ॲट्रिब्युटेबल', म्हणजे सेवेमुळे झालेलं, असा शेरा मिळाला म्हणजे हलगर्जी सिद्ध झाली, असं नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२३ चा निकाल बघा. ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवरच्या सैन्य जमवाजमवीच्या वेळी, २००२ मध्ये, हवाई दलाच्या एका जवानाला जम्मूतल्या सांबा इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात रक्त चढवलं गेलं. २०१४ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं. संसर्ग त्याच रक्तातून झाला, हे लष्कराच्या स्वतःच्या वैद्यकीय मंडळानेही मान्य केलं. तरीही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हवाई दल आणि लष्कर या दोघांनाही जबाबदार धरलं आणि १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली. बुडालेली कमाई, मानसिक यातना, पुढच्या देखभालीचा खर्च, असा तो हिशोब होता. पेन्शनच्या टक्केवारीत या गोष्टी कुठेच बसत नाहीत.

निवृत्तीनंतर उपचार चुकला असेल तर एएफटीचा सल्ला आणखीच फसतो. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या यादीतल्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया बिघडली, तर त्यात सेवाविषयक बाब कुठली? एएफटीचं कामच पगार, पेन्शन, बढती, शिस्तभंग असल्या प्रकरणांचं.

"आपल्याला फुकट उपचार, आपण कसले ग्राहक!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. सर्वांना सरसकट मोफत सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. पण सेवाशर्तींचा भाग म्हणून मिळणारा उपचार म्हणजे धर्मादाय नव्हे. मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. सरकारी वकील मोफतचा मुद्दा काढायचा तो काढेलच. त्याचं काम आपणच आधी करून ठेवायची गरज नाही. आणि ईसीएचएससाठी बहुतेकांनी वर्गणी भरलेली असते, तिची पावती जपून ठेवा.

फौजदारी तक्रार हा तिसरा मार्ग आहे, पण त्यात गंभीर स्वरूपाची हलगर्जी दाखवावी लागते आणि त्यातून भरपाईची आशा धरू नये.

पेन्शनचा आणि ग्राहक आयोगातला, हे दोन्ही दावे एकाच वेळी चालवता येतात. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवायची गरज नाही. थांबणारेच गोत्यात येतात. पेन्शनच्या अपिलात वर्षं जातात आणि ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते. सबळ कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण "पेन्शनच्या निकालाची वाट पाहत होतो" हे कारण चालेल, अशी पैज मी लावणार नाही.