वाक्यरेखाटन

वाक्यरेखाटन : इंग्रजी वाक्यातील पदांचे परस्परसंबंध रेषांच्या आकृतीने दाखवण्याची अध्यापनपद्धती. अमेरिकेतील शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती विशेष रूढ झाली.

पद्धतीच्या जनकत्वाविषयी एकवाक्यता नाही. एफ. ए. पी. बर्नार्ड यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात वाक्यातील पदांच्या कार्यांना चिन्हे नेमली होती. बर्नार्ड यांना स्वतःला कमी ऐकू येत असे व ते त्या काळी कर्णबधिरांच्या शाळेत शिकवत. त्यामुळे व्याकरण डोळ्यांना दिसावे ही कल्पना मूक-बधिर शिक्षणातून आली असावी, असे मानण्यास जागा आहे. तथापि चिन्हे लावणे आणि वाक्याची रचनाच मांडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसऱ्या अर्थाने पाहता न्यूयॉर्क राज्यातील शिक्षक एस. डब्ल्यू. क्लार्क यांच्याकडे (१८४७) श्रेय जाणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी प्रत्येक पद फुग्यासारख्या बंदिस्त आकृतीत लिहून त्या आकृत्या एकमेकींना चिकटवल्या. दीर्घ वाक्यांत मात्र या फुग्यांची फार गर्दी होई. ब्रुकलिन येथील अलोन्झो रीड व ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ च्या पाठ्यपुस्तकात फुग्यांऐवजी रेषा वापरल्या आणि आज प्रचलित असलेले रूप सिद्ध झाले. त्यांनी क्लार्क यांचीच आकृती सुधारली, असे सामान्यतः मानले जाते.

रीड-केलॉग आकृतीत आडव्या आधाररेषेवर उद्देश्य व क्रियापद लिहून त्यांच्यामध्ये आधाररेषेला छेदून जाणारी उभी रेषा काढतात. कर्मापूर्वीची उभी रेषा आधाररेषेवरच थांबते, तर विधानपूरकापूर्वीची (उद्देश्याविषयी माहिती देऊन विधान पुरे करणाऱ्या पदापूर्वीची) रेषा उद्देश्याच्या दिशेने मागे कललेली असते. पूरक कोणाविषयी सांगते हे त्या कलण्यानेच कळते. विशेषणे, क्रियाविशेषणे व उपपदे (‘द’, ‘अ’ इ.) आपापल्या पदाखाली तिरप्या रेषांवर येतात. आज्ञार्थी वाक्यातील अध्याहृत ‘यू’ कंसात लिहितात. विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून येणाऱ्या गौण वाक्याला स्वतंत्र आधाररेषा मिळते व ती तुटक रेषेने मुख्य वाक्याला जोडली जाते.

मराठी शाळांतील वाक्यपृथक्करण हेच काम रकान्यांच्या तक्त्यात करते. मराठीभाषक विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवताना रेखाटनाचा एक जादा लाभ संभवतो. ‘मुलगी आंबा खाते’ आणि ‘द गर्ल ईट्स अ मँगो’ ही वाक्ये एकाखाली एक मांडली, की क्रियापद कर्माच्या अलीकडे सरकलेले दिसते. शिवाय ‘द’ व ‘अ’ यांच्या तिरप्या रेषांना मराठी वाक्यात जोडीच सापडत नाही. मराठी विद्यार्थ्यांकडून नेमकी हीच उपपदे गळतात. आकृतीत मात्र एक मर्यादा आहे : तिच्यात मूळ पदक्रम सर्वस्वी टिकत नाही, त्यामुळे प्रश्नार्थक वाक्यात पुढे आलेले सहायक क्रियापद पुन्हा उद्देश्यामागे जाते. प्रश्नरचना शिकवण्यास म्हणून ती फारशी सोयीची नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतीचा प्रसार ओसरला. लेखनाध्यापनाचे अमेरिकी संशोधक रिचर्ड ब्रॅडॉक व सहकाऱ्यांच्या १९६३ च्या अहवालाने औपचारिक व्याकरणाध्यापनाचा लेखनसुधारणेवर परिणाम नगण्य किंवा प्रतिकूलही असल्याचे म्हटले. १९८५ मध्ये अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने लेखनापासून तुटलेल्या व्याकरण-कवायतींविरुद्ध ठराव केला. हा आक्षेप अशा कवायतींवर होता, केवळ रेखाटनावर नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. फ्रेंच भाषावैज्ञानिक ल्युसिएँ तेन्येर यांच्या अवलंबनवृक्षाशी, म्हणजे कोणते पद कोणत्या पदावर अवलंबून आहे हे दाखवणाऱ्या वृक्षाकार आकृतीशी (१९५९, मरणोत्तर), या आकृतीचे साम्य दाखवले जाते; पण तेन्येर क्रियापदाला शिरोस्थानी ठेवतात, तर रीड-केलॉग उद्देश्य व विधेय यांना समान पातळीवर मांडतात.