तिजोरी किती मिनिटांची?

घरफोडीच्या बातमीत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द हमखास असतात. कडीकोयंड्यानंतर चोराची गाठ लॉकरशी पडते, आणि त्या लॉकरवर आपण डोळे मिटून भरवसा ठेवलेला असतो. घरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा रायफल असेल तर हा भरवसा तपासून घ्यायलाच हवा. दागिने गेले तर नुकसान आपलं. हत्यार गेलं तर उद्या ते कुणावरही रोखलं जाऊ शकतं.

तिजोरीची ताकद मिनिटांत मोजतात. अमेरिकेत बऱ्याच घरांत बंदुकांसाठी तिजोऱ्या असतात. तिथली अंडररायटर्स लॅबोरेटरीज (आताचं नाव यूएल सोल्युशन्स) ही संस्था त्यांच्या चाचण्या घेते. ‘आरएससी’ या घरगुती दर्जाच्या प्राथमिक पातळीची अट अशी, की एका माणसाने पहार, हातोडा, स्क्रूड्रायव्हर अशी साधी हत्यारं चालवली तर तिजोरीने ५ मिनिटं दाद देता कामा नये. फक्त ५ मिनिटं! त्याच्या वरच्या टीएल-१५ आणि टीएल-३० या १५ आणि ३० मिनिटांच्या दर्जांत ड्रिल आणि ग्राइंडरही चालवतात, आणि हत्यार तिजोरीला प्रत्यक्ष लागलेलं असेल तेवढाच वेळ धरतात. आपल्याकडे तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ५५० आहे. कपाटात बसणाऱ्या छोट्या डिजिटल लॉकरवर यातला कोणताही दर्जा लिहिलेला नसेल, तर तो किती मिनिटं टिकेल हे कुणी तपासलेलंच नाही असं समजावं.

दुकानात दाराची जाडी दाखवतात, पण ते दार बहुतेक वेळा आतून पोकळ असतं. विचारायचं ते पत्र्याचं गेज, आणि तेही दारासोबत बाजूंचं आणि पाठीचं. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १४ गेज २ मिलिमीटर, १० गेज सव्वातीन. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की तो वाकवायला आठपट जोर लागतो. पहारीपुढे ही आठपट फार मोलाची आहे. बॅटरीवरच्या ग्राइंडरला मात्र वाकवायचं नसतं, कापायचं असतं; त्याच्यासाठी २ मिलिमीटर पत्रा हे मिनिटाभराचं काम.

स्वस्त डिजिटल लॉकरच्या दारामागे एक छोटं विद्युतचुंबक असतं. एरवी स्प्रिंगने रेटलेली बोटभर लांबीची खीळ बोल्टची वाट अडवून उभी असते. बरोबर आकडा दाबला की प्रवाह वाहतो आणि चुंबक ती खीळ क्षणभर मागे ओढतं. दाराची सगळी सुरक्षा त्या नाजूक स्प्रिंगवर! लॉकर भिंतीला पक्का केलेला नसेल तर जोराच्या हादऱ्याने खीळ आपल्याच जडत्वाने उडू शकते. चांगल्या कुलपांत यासाठी वेगळी अडण असते. शिवाय बॅटरी संपली तर उघडायला बाजूला किल्लीचं भोक असतं. ते कुलूप हलकं असेल, तर आकडा कितीही अवघड ठेवून उपयोग नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी हलगर्जी होते ती लॉकर पक्का करण्यात. ३०-४० किलोचा लॉकर दोन माणसं सहज उचलून नेतात आणि मग तो फोडायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत रुतून बसणारे बोल्ट, हवेतच, आणि ते कशात ठोकले आहेत हे पाहायला हवं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बऱ्याच टॉवरमध्ये आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या आहेत. ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर ३ ते ५ न्यूटन, तर एम-३० दर्जाच्या काँक्रीटची ३०. ड्रिल लावताच फरक कळतो: सिपोरेक्समध्ये बिट विनासायास आत शिरतं आणि पिठासारखी मऊ भुकटी गळते; काँक्रीटमध्ये हॅमर ड्रिलला झगडावं लागतं. सिपोरेक्समध्ये बसवलेला साधा अँकर पहारीच्या जोरापुढे ब्लॉकचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. लॉकर आरसीसी भिंतीला किंवा स्लॅबला पक्का करावा, आणि भोक पाडण्याआधी आत वायरचा पाइप नाही ना, हे सोसायटीच्या इंजिनिअरला विचारावं. माइवान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतून बांधलेल्या इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात, तिथे हे सोपं जातं.

जागाही हुशारीने निवडावी. एक मीटरच्या पहारीचं टेकू फटीपासून २ सेंटिमीटरवर असेल तर जोर जवळजवळ पन्नासपट होतो. ४० किलोचा रेटा दारावर सुमारे २,००० किलोचा पडतो. लॉकर कोपऱ्यात, भिंतींना चिकटून, अरुंद कपाटात असेल तर लांब पहार फिरवायला जागाच उरत नाही.

मिनिटांना अर्थ येतो तो कुणी ऐकणारं असेल तरच. गणपतीला कोकणात गेलेल्या कुटुंबाचा फ्लॅट आठवडाभर बंद असतो. शेजारच्या विंगमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तर ग्राइंडरचा आवाज कुणाच्या कानावर खटकतही नाही. हादरा ओळखून मोबाइलवर कळवणारा सेन्सर लॉकरमध्ये असेल, तर ती ५ मिनिटं कामी येतात.

आगरोधक लॉकर ही आणखी वेगळी चीज. काहींच्या दोन पत्र्यांमध्ये जिप्सम असतं. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. आगीत त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आतले कागद वाचतात. पत्रा मात्र पातळच असू शकतो, म्हणून आगीचा दर्जा पाहून चोरीबद्दल निश्चिंत होऊ नये. अशा बंद लॉकरमध्ये ठाण्याच्या पावसाळ्यात ओल साठते आणि हत्याराला गंज चढतो. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात, सुकवून पुन्हा वापरता येतात. काडतुसं मात्र वेगळ्या कुलपात.