अडीच टक्क्यांचा जुना वायदा : भारतातील सरकारी आरोग्यखर्चाची पार्श्वभूमी

केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर होणारा सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचा, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवले होते. असा वायदा ही काही नवी गोष्ट नव्हती. 2002 च्या धोरणात 2010 पर्यंत 2 टक्के होते, 2004 च्या केंद्रातल्या आघाडी सरकारच्या किमान समान कार्यक्रमात 2 ते 3 टक्के. प्रत्यक्षात राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशातल्या एकूण आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, 2013-14 मध्ये हा आकडा 1.15 टक्के होता आणि 2021-22 या कोविडच्या वर्षातही 1.84 टक्क्यांवरच थांबला. दरवेळी चर्चा टक्क्यांची होते. खरी अडचण आहे ती कोणता खर्च कोणाच्या माथी, या वाटणीत, आणि ती वाटणी बरीच जुनी आहे.

1943 मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीचा अहवाल 1946 मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांना मुकू नये, हे त्याचे मूळ सूत्र. पहिल्या टप्प्यात दर 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, शिवाय परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक असा पूर्ण ताफा समितीने सुचवला होता. पण राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत ठेवली, तर कर उभारण्याची मोठी साधने केंद्राकडे राहिली. 1952 पासून विकास गटांमध्ये आरोग्य केंद्रे उघडू लागली तेव्हा एका केंद्राच्या वाट्याला भोर समितीच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आले आणि कर्मचारी मात्र कमी.

केंद्राचा पैसा प्रामुख्याने एकेका रोगाच्या मोहिमांतून आला. हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 चा, त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर 1958 मध्ये झाले. वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता, तो 1965 पर्यंत लाखाच्या आसपास उतरला. मग फवारणी आटोपती घेऊन रोज नजर ठेवण्याचे काम राज्यांच्या नेहमीच्या आरोग्यसेवेकडे सोपवायची वेळ आली, आणि अनेक ठिकाणी ते पेलेल अशी सेवाच उभी नव्हती. डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले, कीटकनाशके महागली, त्यांचा पुरवठा अनियमित झाला. 1976 मध्ये रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली. मोहिमेला पैसा मिळतो आणि मोहीम संपल्यानंतरच्या कामाला मिळत नाही, हे इथे पहिल्यांदा एवढे ठळक दिसले.

योजनांतर्गत (पंचवार्षिक योजनेतला) आणि योजनेतर (नेहमीचा) अशी खर्चाची फाळणी 2016-17 पर्यंत चालली. नवी इमारत, नवी पदे, नवी वाहने योजनांतर्गत येत. पंचवार्षिक योजना संपली की तीच पदे योजनेतर खर्चात जाऊन राज्याच्या गळ्यात पडत. त्यामुळे उद्घाटने झाली, पण औषधे, डिझेल आणि दुरुस्ती यांच्यासाठी तरतूद तोकडी पडली. उपकेंद्राचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या एएनएमचा (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा) पगार केंद्राच्या कुटुंब कल्याण शीर्षातून येई आणि पुरुष आरोग्यसेवकाचा राज्याकडून. पुरुष सेवकांच्या जागा देशभर इतक्या रिकाम्या का, याचे बरेचसे उत्तर यातच आहे.

1991 नंतर ही दुखणी एकदम वर आली. 1990 ते 1999 या काळात सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या 1.3 टक्क्यांवरून 0.9 टक्क्यांवर घसरल्याची कबुली 2002 च्या धोरणानेच दिली आहे. राज्यांच्या अंदाजपत्रकांतला आरोग्याचा वाटा 7 वरून 5.5 टक्क्यांवर आला होता. त्यातच पाचव्या वेतन आयोगाचा भार आला. पगार कापता येत नाही, म्हणून कात्री औषधांवर चालते. डॉक्टर आहे पण बाहेरची चिठ्ठी लिहून देतो, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने नेमक्या याच खड्ड्यात पैसा टाकला. उपकेंद्राला वर्षाला 10,000 रुपये अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा हे तिथेच ठरवता येईल असा पैसा. प्राथमिक केंद्राला 25,000 अबंधित, 50,000 देखभालीसाठी आणि रुग्ण कल्याण समितीला 1 लाख. रक्कम किरकोळ वाटते. पण बल्ब, पाण्याची मोटर, तुटलेली प्रसूती खाट यांसाठी जिल्ह्याच्या मंजुरीची वाट पाहणे टळले. पैसा तिजोरीला वळसा घालून थेट राज्य आरोग्य सोसायटीकडे, म्हणजे अभियान चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे, जाई. 2014-15 पासून तो राज्याच्या तिजोरीतून जाऊ लागला. हिशेबाच्या दृष्टीने हे योग्यच, पण टप्पे वाढले: केंद्राचा हप्ता तिजोरीत, वित्त विभागाची मंजुरी, राज्याचा हिस्सा, मग सोसायटी, जिल्हा, तालुका. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. वर्षाच्या शेवटी मिळालेला पैसा मार्चअखेर घाईने खर्ची पडतो, नाही तर अखर्चित राहतो, आणि तो अखर्चित आकडा दाखवून पुढच्या वर्षीची तरतूद कमी होते. राज्याचा हिस्साही आधी 15, मग 25 आणि 2015-16 पासून बहुतेक राज्यांसाठी 40 टक्के झाला.

औषधांच्या बाबतीत तामिळनाडूने 1994 मध्येच वेगळे महामंडळ काढले. प्रत्येक संस्थेला रुपयांतल्या हक्काचे पासबुक मिळते आणि ती गरजेप्रमाणे जिल्हा गोदामातून औषध उचलते. महाराष्ट्राने 2017 मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच महामंडळाकडे दिली आणि 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले. खरेदी एकाकडे आणि पैसा अनेक विभागांकडे, हा पेच त्यामागे होता. इथे प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेची, जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची, बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाची, आणि मुंबईतील केईएम, नायर ही रुग्णालये महापालिकेची. ‘महाराष्ट्राचा आरोग्यखर्च’ म्हणून छापलेला एखादा आकडा यातले काय धरतो, हे आधी पाहावे लागते.

दरम्यान विम्याचा मार्ग रुंदावला: महाराष्ट्रात 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा फुले योजना, आणि देशात 2018 ची आयुष्मान भारत. या योजना दाखल रुग्णाचे बिल भरतात. बाह्यरुग्ण विभागातली आणि रक्तदाब-मधुमेहाची रोजची औषधे त्यांत बसत नाहीत, आणि घरचा पैसा जातो तो प्रामुख्याने त्यांवरच.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. 2021-22 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ‘आरोग्य आणि कल्याण’ यासाठी 2,23,846 कोटी, 137 टक्के वाढ, असे जाहीर झाले. त्यात पेयजल व स्वच्छता विभागाचे 60,030 कोटी आणि लशींचे 35,000 कोटी होते. आरोग्य व कुटुंब कल्याण विभागाचे स्वतःचे होते 71,269 कोटी. म्हणून जुनी वर्षे तुलनेला घेताना अंदाजाऐवजी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना घ्यावा, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे क्रमांक) 2210 म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, 2211 म्हणजे कुटुंब कल्याण आणि भांडवली खर्चाचे 4210. दुसरे, एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हा नंतरचा आकडा 2017-18 च्या घरोघरच्या पाहणीवरून पुढे ताणून काढलेला आहे. कोविडमध्ये घरांनी जे पैसे मोजले ते त्या पाहणीत असणे शक्यच नव्हते.