कमांड लाइनवरून प्रणाली फायलींत केलेले बदल पूर्ववत करणे

कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकून, कार्यप्रणालीच्या फायलींत केलेला बदल मागे घेऊन त्या आधीच्या, सुरळीत चालणाऱ्या स्थितीत आणण्याच्या कामाला रोलबॅक म्हणतात. कमांड लाइनवर ‘अन्डू’ची सोय नसते, लिनक्समधील ‘आरएम’ ही आज्ञा फाइल कचरापेटीत न टाकता थेट काढून टाकते. म्हणून बदल पूर्ववत करणे म्हणजे प्रत्यक्षात आधी राखून ठेवलेली किंवा खात्रीच्या ठिकाणाहून मिळवलेली प्रत मूळ जागी बसवणे होय.

मजकुराइतकेच महत्त्व फाइलची मालकी आणि परवानग्या यांना असते, आणि याच गोष्टी सर्वाधिक विसरल्या जातात. विंडोज व्हिस्टापासून बहुतांश प्रणाली फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या सेवेकडे असल्याने प्रशासकालाही त्या सहजासहजी बदलता येत नाहीत. त्यासाठी ‘टेकओन’ आज्ञेने मालकी स्वतःकडे घ्यावी लागते. त्याआधी परवानग्या हाताळणाऱ्या ‘आयकॅक्ल्स’ या आज्ञेला ‘सेव्ह’ हा पर्याय देऊन परवानग्यांची यादी फायलीत उतरवून ठेवली, तर ती ‘रिस्टोअर’ने पुन्हा लागू करता येते. या यादीत मालकाची नोंद मात्र नसते, त्यामुळे मालकी त्याच आज्ञेच्या ‘सेटओनर’ पर्यायाने ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे वेगळी सोपवावी लागते.

लिनक्समध्ये मांडणीच्या फायली असलेल्या ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील सर्व फायलींना परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ आज्ञेने सरसकट ७७७ (सर्वांना सर्व काही करू देणारी) परवानगी दिली, तर प्रशासकाचे अधिकार कोणाला हे ठरवणारी सुडोअर्स फाइल कोणालाही बदलता येते हे पाहून, ते अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा चालण्यासच नकार देते, म्हणजे दुरुस्तीचे साधनच हातचे जाते. ‘सीएचमॉड’ जुन्या परवानग्या नोंदवून ठेवत नसल्याने त्याच्याकडे हा बदल उलटवण्याची सोयही नसते. प्रत काढणाऱ्या ‘सीपी’ आज्ञेला ‘-ए’ हा पर्याय जोडून घेतलेल्या प्रतीत मालकी, परवानग्या आणि वेळेच्या नोंदी टिकतात. ‘ईटीसीकीपर’ हे साधन या निर्देशिकेचा इतिहास गिटसारख्या, फायलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत ठेवते.

प्रत नसेल, तर वितरकाच्या मूळ फायलींचा आधार घ्यावा लागतो. विंडोजमध्ये आधी ‘डिझम’ या आज्ञेने घटकसाठा (मूळ प्रणाली फायलींचा साठा) दुरुस्त करून मग प्रणाली फायली तपासणारी ‘एसएफसी’ चालवणे योग्य, कारण एसएफसी बदली फायली त्याच साठ्यातून घेते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) पुन्हा बसवले, तरी हाताने काढून टाकलेली कॉन्फिगरेशन फाइल आपोआप परत येत नाही; त्यासाठी पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यावा लागतो.

संपूर्ण प्रणाली मागे नेण्यासाठी विंडोजमध्ये २००० सालच्या ‘मी’ आवृत्तीपासून सिस्टीम रिस्टोअर आहे, तर लिनक्सवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल प्रणालींचे स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी) वापरतात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क बिघडल्यावर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

दूरच्या संगणकावर एसएसएच (दूरून सुरक्षित प्रवेश देणारी सोय) किंवा फायरवॉलची मांडणी बदलताना चूक झाली, तर प्रवेशच बंद होऊ शकतो; म्हणून दुसरे सत्र उघडे ठेवतात आणि जुनी फाइल काही मिनिटांनी आपोआप परत बसवणारे काम ‘अ‍ॅट’ आज्ञेने आधीच लावून ठेवतात. नव्या मांडणीने पुन्हा प्रवेश मिळाला, की ते काम रद्द केले जाते.