पॅनिक डिसऑर्डर : लक्षणं कशी ओळखायची

पॅनिक डिसऑर्डर हा चिंतेच्या आजारांपैकी एक आजार आहे. यात काही कारण दिसत नसताना माणसाला अचानक प्रचंड भीतीचा झटका येतो, तो पुन्हा पुन्हा येतो, आणि मग मधले दिवस "परत येईल का" या धास्तीतच जातात. खरा आजार ओळखायचा तो या धास्तीवरून. कारण एखादा पॅनिक अटॅक आयुष्यात कधीतरी बऱ्याच जणांना येतो, परीक्षेच्या आधी, घरातलं कुणी गेल्यावर, नाहीतर उगाचच, आणि तेवढ्यावरून कुणाला डिसऑर्डर आहे असं म्हणत नाहीत.

अटॅकमध्ये होतं काय, तर छातीत धडधड, दरदरून घाम, हातपाय लटलट कापणं, श्वास न पुरणं, घसा आवळल्यासारखा होणं, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, मधेच थंडी वाजणं किंवा अंगातून गरम वाफा निघणं, बोटांना नि ओठांभोवती मुंग्या. काहींना आजूबाजूचं सगळं खोटं वाटायला लागतं, समोर घरचीच माणसं असतात पण ती काचेपलीकडून बोलतायत असं वाटतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे "आता मी मरतो" किंवा "मला वेड लागतंय" ही खात्री. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-5 या 2013 च्या निदान-पुस्तिकेत अशी 13 लक्षणं दिलीयत, त्यातली किमान 4 एकदम यावी लागतात आणि काही मिनिटांतच भीती शिगेला पोचते. झोपेतून दचकून उठून बसणारे पण असतात, स्वप्न वगैरे काही पडलेलं नसतं.

मुंग्यांचं थोडं सांगायला हवं, कारण लोक त्यालाच लकवा समजून घाबरतात. भीतीने श्वास जोरजोरात सुरू होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून गरगरतं, बोटं झिणझिणतात, कधीकधी तर वाकडी होऊन आखडतात. मजा म्हणजे माणूस "हवाच मिळत नाहीये" म्हणत असतो आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 99 दाखवत असतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय आता सुचवत नाहीत, कारण तो त्रास खरंतर दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर पिशवीने ऑक्सिजन अजून कमी व्हायचा.

हा त्रास नवीन नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशी धडधड जेकब दा कोस्टा या डॉक्टरने 1871 मध्ये नोंदवली होती आणि तेव्हा तो हृदयाचाच आजार समजला गेला. पॅनिक डिसऑर्डर हे वेगळं निदान म्हणून आलं ते 1980 च्या डीएसएम-3 मध्ये.

आपल्याकडे आधी पित्त, मग गॅस, मग नजर लागली असा क्रम असतो, आणि शेवटी रात्री कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल येतो, डॉक्टर म्हणतात काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि घरचे म्हणतात बघ, नाटकं होती. नाटकं नसतात. धडधड खरीच असते, फक्त हृदय ठणठणीत असतं.

पण पहिल्याच वेळी स्वतःच्या मनाने "पॅनिकच असेल" असं ठरवू नये. हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड, थायरॉइड वाढणं, शुगर एकदम उतरणं, दमा, भरमसाठ कॉफी, अचानक सोडलेली दारू, यातल्या कशानेही असंच होऊ शकतं. वय चाळिशीपुढचं असेल, बीपी-शुगर असेल, दुखणं जबड्यात किंवा हातात जात असेल, जिना चढताना वाढत असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता डिसऑर्डर कधी म्हणायचा? अटॅकनंतर महिनाभर किंवा जास्त पुढच्या अटॅकची चिंता राहिली किंवा त्यापायी वागणं बदललं, तर. हे बदल बाहेरून सहज दिसत नाहीत. बोरिवलीचा माणूस फास्ट लोकल सोडून स्लो पकडायला लागतो कारण स्लोमध्ये दर दोन-चार मिनिटांनी उतरता येतं, पिक्चरला गेला तर कडेची सीट, जिम बंद कारण तिथे धडधड होते, खिशात कायम एक गोळी आणि बॅगेत पाण्याची बाटली, मनगटावरच्या घड्याळात सारखी नाडी बघणं. विचारलं तर म्हणेल, गर्दी आवडत नाही मला. हे वाढत गेलं की एकट्याने घराबाहेर पडणंच बंद होतं, त्याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात, तो सोबत असू शकतो किंवा नसतोही.

त्रास बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतो. उपचार चांगले आहेत, सीबीटी (म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलून केलेली थेरपी) आणि एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्यातही देतात ती औषधं. सीबीटीमध्ये मुद्दाम खुर्चीत गोल फिरवून किंवा जागेवर पळायला लावून तीच धडधड, तीच गरगर आणतात, म्हणजे शरीराला कळतं की याने मरत नाही कुणी. अल्प्राझोलम या चिंता शमवणाऱ्या गोळीने पटकन बरं वाटतं खरं, पण सवय लागते, आणि ती एकदम बंद केली तर त्रास उलटतो, त्यामुळे मेडिकलवाल्याला विचारून ती चालू किंवा बंद करू नये. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, 24 तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.