उभयचर जलविमान (डोंगरी तलावावरील उड्डाण)

उभयचर जलविमान : पाण्यावर आणि धावपट्टीवरही उतरणारे विमान, बोलीत सरसकट ‘सीप्लेन’. लहान विमानाखाली दोन पोकळ फ्लोट बसवलेले असतात आणि त्यांत आत ओढून घेता येणारी चाके असतात. आँरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये पहिले जलविमान उडवले. ग्लेन कर्टिस यांनी १९११ मध्ये आपल्या जलविमानाला चाके जोडली. विदर्भात रामटेकजवळचा खिंडसी आणि चंद्रपूरजवळचा इरई या जलाशयांची नावे सीप्लेनसाठी पुढे आली होती.

तलावात उतरण्यापेक्षा तिथून निघणे अवघड. फ्लोटच्या तळाला मध्यावर एक पायरी असते. वेग वाढला की विमान या पायरीवर चढून पाण्यावरून घसरू लागते. तोवर पाणी त्याला धरून ठेवते. वारा पडलेला असेल तर ही पकड जास्तच. मग वैमानिक आधी एक फेरी मारून स्वतःच लाटा उठवतो, किंवा एक फ्लोट अलगद उचलून सोडवतो.

डोंगरावर हवा विरळ, म्हणून इंजिन आणि पंख दोन्ही कमी पडतात. विदर्भात हवा विरळ करण्याचे काम ऊनच करते. नागपूरची उंची अवघी ३१० मीटर. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या (हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेतल्या) सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. चिखलदरा मुळातच १,१०० मीटरवर, आणि तिथले तलाव लहान. ते अशा विमानाच्या कामाचे नाहीत. नवेगाव बांधचा तलाव ऐसपैस आहे, पण भोवती डोंगर. डोंगरामागून येणारा वारा खाली दाबतो, त्यामुळे सरळ चढण्यापेक्षा पाण्यावरच वळत उंची घ्यावी लागते. हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांचे थवेही असतात.

उतरताना दोन चुका जिवावर बेततात. चाके बाहेर राहिली तर पाण्याला टेकताच विमान उलटते. दुसरी, आरशासारख्या पाण्याची : ते किती खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी काठ नजरेत ठेवून, इंजिन थोडे चालू ठेवून, मिनिटाला दीडेकशे फूट अशा संथ उतरणीने येतात.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की बुडालेल्या जंगलाचे खुंट वर येतात, काही पाण्याखाली वीतभरच राहतात. ते कुठे आहेत हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना पाठ असते. नकाशात ते सापडायचे नाहीत. उड्डाणाआधी फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यातले पाणी हातपंपाने उपसतात. एकाच कप्प्यातून रोजच्यापेक्षा जास्त पाणी आले, तर आधी त्याचा पत्रा तपासतात.